एकाकीपणाला खोली लागते काय?

(लोअर परळ येथील एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्त्रियांच्या कथा-कादंबऱ्यांचा विषय चळवळीच्या व्यासपीठावर निघाला, की सभागृहाच्या मागच्या बाकांवरून एक आक्षेप हमखास येतो. लग्न, मूल, नवऱ्याचे दुरावणे, रिकाम्या घरातली संध्याकाळ, हे सारे पोट भरलेल्यांचे दुःख; गिरणगावात त्याचे काय काम? आक्षेप घेणारा बहुधा प्रामाणिक कार्यकर्ता असतो. त्याने संप पाहिलेला असतो, लाठ्या खाल्लेल्या असतात, वर्गणीच्या पावत्या फाडून त्याची बोटे झिजलेली असतात. घरी त्याची बायको त्या वेळी भात टाकून त्याची वाट पाहत असते. हा विषय तिलाही पोट भरलेल्यांचा वाटतो काय, हे मात्र त्याने तिला कधी विचारलेले नसते.

हा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे नाही. त्यात एक अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य हे उघड असत्याहून अधिक काळ टिकते. म्हणूनच त्याचा विचार नीट करावयास हवा, आणि तो लोअर परळमध्ये बसून करण्यात विशेष औचित्य आहे.

१९२९ हे साल या विषयाच्या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी इंग्लंडात व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. बाईला कथा-कादंबरी लिहावयाची असेल तर तिच्यापाशी वर्षाकाठी पाचशे पौंडांचे उत्पन्न आणि स्वतःची एक खोली हवी, असा त्यातील मुख्य सिद्धान्त. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या काळात भत्ता देणारा कायदा झाला. या देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. त्याच्या आधी, १९२४ साली, ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अशाच आशयाचे विधेयक आणले होते. ते नामंजूर झाले. पुढे मुंबईच्या कौन्सिलात हा प्रश्न आला तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. डिलाईल रोडला आज ना. म. जोशींचे नाव आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, की हा मनुष्य बाळंतिणीच्या भत्त्यासाठी भांडला होता?

तर १९२९ साली एकीकडे खोली आणि उत्पन्न, दुसरीकडे बाळंतपणाचा भत्ता. एका पुस्तकाने बाईच्या मनाचा जमाखर्च मांडला, एका कायद्याने तिच्या देहाचा. दोन्ही जमाखर्च एकाच वहीत लिहिले जावयास हवे होते. ते झाले नाही. साहित्याने पहिली वही घेतली, चळवळीने दुसरी, आणि जवळजवळ शंभर वर्षे दोघांनी एकमेकांच्या वहीत डोकावून पाहिले नाही.

गिरणगावातील लग्न हा मुळात मजुरीच्या दराचा प्रश्न होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून जो पुरुष लोअर परळला आला त्याला गिरणीने दिलेली मजुरी एका माणसाच्या पोटापुरती होती. बायको, मुले, म्हातारे आईबाप यांना पोसण्याचा भार गावच्या तुटपुंज्या शेतीवर टाकलेला होता. मालकाने मजुरी कमी ठेवली आणि उरलेला हिस्सा गावातल्या बाईने कोंड्याचा मांडा करून भरून काढला, असा हा सरळ हिशेब आहे. पुरुष गाळ्यात राहिला. एकाच्या अंथरुणावर पाळी बदलली की दुसरा निजत असे. बायको गावी राहिली. वर्षातून एकदोनदा, गणपतीला नाहीतर शिमग्याला, संसार होत असे. उरलेले दिवस मनीऑर्डर होत असे. पोस्टमन दिसला की जिच्या काळजात धस्स होते आणि हायसेही वाटते, अशी बाई कोकणात वाडीवाडीवर होती. तिच्या एकाकीपणाला कोणी साहित्याचा विषय म्हटले नाही.

वस्तुतः तसे म्हणणे पूर्ण खरे नाही. अण्णाभाऊ साठे यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड रचली आणि गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरणारा मुंबईचा कामगार महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. त्यांच्या शब्दांना अनुभवाची धार आहे. परंतु त्या छक्कडीत बोलतो तो पुरुष. विरह त्याचा, आठवण त्याची. मैनेने त्याच काळात पाणी कसे भरले, सासूचे बोलणे कसे ऐकले, आजारी पोराला कांबळ्यात गुंडाळून दवाखान्याची वाट कशी तुडवली, हे मैनेच्या तोंडून ऐकावयास मिळाले नाही. पुरुषाच्या विरहाला शाहीर मिळाला, बाईच्या विरहाला मिळाला तो पोस्टमन.

मुंबईत जी बाई आली तिची गोष्ट निराळी आणि अधिक कठीण. विसाच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण साधारण एकपंचमांश होते. वाइंडिंग आणि रीळ या खात्यांत त्या मुख्यत्वे असत, नायकिणीच्या हाताखाली. १९३९ पर्यंत हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आले आणि पुढे घसरतच गेले. यंत्रे बदलली, तीन पाळ्या आल्या, रात्रपाळीत बायकांना मनाई. हे एक कारण. दुसरे कारण अधिक कडू आहे. बाळंतपणाचा भत्ता, पाळणाघर, या ज्या गोष्टी कायद्याने बाईला दिल्या त्याच मालकाच्या लेखी तिला ‘महाग’ करणाऱ्या ठरल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. बाईच नसली म्हणजे पाळणाही नको, हा हिशेब करण्यासाठी मालकाला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कायदा चुकीचा होता असे कोणी म्हणू नये. चूक ही झाली, की मातृत्वाचा खर्च सबंध उद्योगावर किंवा समाजावर न टाकता ज्या गिरणीत बाई असेल त्या गिरणीवर टाकला गेला. आणि युनियन्सनी बाईची नोकरी वाचविण्यासाठी जेवढे भांडावयास हवे होते तेवढे भांडण केले नाही. कुटुंब पोसणारा पुरुष हाच खरा कामगार, ही कल्पना मालकाइतकीच कामगार पुढाऱ्याच्याही मनात रुतलेली होती.

मातृत्वाविषयी बोलावयाचे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. विसाच्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची परिस्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली होती. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवून जातात, ही गोष्ट त्या पाहणीतून सरकारी कागदावर आली. दहा तासांहून अधिक वेळ यंत्रापाशी उभे राहावयाचे, पान्हा फुटून चोळी ओली व्हावयाची, आणि घरी पोर अफूच्या गुंगीत. त्या काळच्या मराठी कथेत मातृत्वाची स्तोत्रे भरपूर आहेत. ही ओली चोळी त्यांत नाही.

आता साहित्याच्या वहीकडे वळू. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केला आणि पांढरपेशा महाराष्ट्रात वादळ उठले. लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. त्या पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून सर्वांना माहीत झाल्या. त्या वादळात एक गोष्ट झाकली गेली. मुली प्रेमाविषयी बोलतात म्हणून लोक संतापले. परंतु त्या कथांतील स्फोटक भाग पैशाचा आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नावच पाहावे. शिकलेली, मिळवती थोरली मुलगी. तिच्या मिळकतीवर चाललेले घर. आईची बाळंतपणे संपत नाहीत. आणि मुलीचे लग्न झाले तर घराची मिळकत जाते, म्हणून तिच्या लग्नाची घाई कोणालाच नाही. बापाचे प्रेम आणि बापाचा स्वार्थ यांची गाठ इतकी घट्ट बसलेली, की सोडवू जाणारीची नखे तुटावी. भांडवल हे संबंधांचे रूप असते, असे मार्क्सने शिकविले. घरातले नाते हेही कित्येकदा हिशेबाचे रूप असते, हे या बाईने मार्क्स न सांगता दाखविले.

पुढे सत्तावन्न वर्षांनी, १९९० साली, शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही कादंबरी आली. मुंबई तीच, मिळवती थोरली मुलगी तीच. आईबापांचा भार वाहणारी, धाकट्या बहिणींची शिक्षणे करणारी रीटा शेवटी मनाने कोसळते. विवाहित वरिष्ठाशी असलेले तिचे नाते हे तिच्या एकाकीपणाचे कारण मानावे, की आधीच्या एकाकीपणाचा परिणाम? कादंबरी याचे सोपे उत्तर देत नाही, आणि तेच तिचे सामर्थ्य. पण हिशेब करणाऱ्या वाचकाच्या लक्षात एक गोष्ट येते. १९३३ ची कळी आणि १९९० ची रीटा यांच्यामध्ये स्वातंत्र्य आले, संयुक्त महाराष्ट्र झाला, १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष येऊन गेले. घरातल्या मिळवत्या मुलीच्या खात्यावरील बाकी मात्र तशीच पुढे ओढली गेली.

केंब्रिजच्या पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक गमतीदार उदाहरण दिले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या पगारी बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होते. काम तेच, बाई तीच, चूलही तीच. फक्त पगार थांबला म्हणून ते काम हिशेबातून नाहीसे झाले. अर्थशास्त्राचे विद्यार्थी हे उदाहरण वाचून हसतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. खरे तर तेथेच थांबावयास हवे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामाला ते करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. (महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना काढून महिना १५०० रुपये देऊ केले. ही रक्कम कामाचा मोबदला म्हणून दिलेली नाही, भावाची ओवाळणी म्हणून दिली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. ओवाळणी मागता येत नाही. मजुरी मागता येते.) या २८९ मिनिटांना किंमत नाही एवढेच नव्हे, तर त्यांना साक्षीदारही नाही. कोणी न पाहिलेले काम आणि कोणी न मोजलेले काम करणाऱ्याच्या मनात जी भावना साचते तिलाच साहित्यात एकाकीपण म्हणतात. ते पोट भरलेल्यांचे चोचले नव्हेत. जमाखर्चात न आलेला खर्च मनावर नोंदला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे, मेघना पेठे, कविता महाजन या लेखिकांकडे या नजरेने पाहिले तर मागच्या बाकांवरील आक्षेपाचे अर्धे उत्तर मिळते. गौरी देशपांडे यांचे ‘एकेक पान गळावया’ १९८० साली आले. पतीच्या मृत्यूनंतर मुलांच्या संसारातही न रमणारी, आपले म्हातारपण आपल्याच तंत्राने जगू पाहणारी राधा तेथे भेटते. मराठीत तोपर्यंत विधवा होती, आई होती, आजी होती. या तिन्ही नात्यांतून बाहेर पडून उभी राहिलेली म्हातारी बाई नव्हती. मुले ही बाईच्या जन्माची सार्थकता, हे म्हणणे ज्या समाजात प्रश्नाच्या पलीकडचे आहे तेथे तो प्रश्न विचारणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. सानियांच्या नायिका नोकरी करतात, शहरे बदलतात, देश बदलतात, आणि नात्यांचा हिशेब आवाज न चढवता तपासतात. मेघना पेठे यांनी तर ‘नातिचरामि’ (२००५) या कादंबरीला नावच लग्नविधीतील वचनाचे दिले. अतिक्रमण करणार नाही, असे ते वचन. त्या वचनाची झडती त्यांनी ज्या धीटपणाने घेतली तिने अनेक पुरोगामी पुरुषही अस्वस्थ झाले असतील, आणि त्यांनी व्हावयासच हवे.

हे सारे मान्य करूनही आक्षेपाचे दुसरे अर्धे शिल्लक राहते.

या लेखिकांच्या बहुतेक नायिकांना खोली आहे. कधी ती फ्लॅटमधली आहे, कधी परदेशातली, कधी डोंगराच्या कुशीतली. परंतु दार आहे, आणि ते आतून लावता येते. एकाकीपण अनुभवण्यासाठी, त्याचे रंग न्याहाळण्यासाठी आणि त्याविषयी लिहिण्यासाठी हे दार लागते. ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात सासू-सासरे, दीर, मुले, गावाहून आलेला पाहुणा. संडास सर्वांचा मिळून बाहेर, मोरी कोपऱ्यात, नवरा-बायकोचा एकांत पोटमाळ्यावर किंवा साडीच्या पडद्याआड. अशा खोलीत बाई एकटी कधीच नसते. आणि तरीही ती एकाकी असते. तिला एकांत नाही. एकाकीपण मात्र भरपूर आहे. एकांत आणि एकाकीपण हे दोन शब्द मराठीत सहज एकमेकांच्या जागी वापरले जातात. लोअर परळची बाई त्यांतला फरक कोणत्याही समीक्षकाहून अधिक जाणते. तिला रडावयाचे असेल तर नळ सोडावा लागतो, म्हणजे आवाज ऐकू जात नाही. आणि नळाला पाणी ठरल्या वेळीच येते.

हे एकाकीपण मराठी कादंबरीत का आले नाही? लेखिकांना सहानुभूती नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मालतीबाई बेडेकर सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करून आल्या आणि त्यांनी ‘बळी’ (१९५०) लिहिली. पांढरपेशा बाईच्या लेखणीला कुंपण ओलांडता येते, हे त्यांनी दाखविले. गिरणी कामगारावर कादंबऱ्या झाल्याच नाहीत असेही नाही. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ तीसच्या दशकातली. अडचण अन्यत्र आहे, आणि ती गिरणगावातील स्त्रियांनी स्वतः जे लेखन मागे ठेवले त्याकडे पाहिले की उमगते.

उषाताई डांगे यांनी गिरणीतील बायकांत आयुष्य काढले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘पण ऐकतं कोण?’ पार्वतीबाई भोर या लढाऊ कार्यकर्तीची ‘एका रणरागिणीची हकिकत’ १९७७ साली पुस्तकरूपाने आली, ती पद्माकर चितळे यांना त्यांनी सांगितली म्हणून. कवी नारायण सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी आपले आयुष्य मांडले, त्याचे नाव ‘मास्तरांची सावली’. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास सिद्ध केला, त्यातही बायका बोलतात. ही नावे एकापाठोपाठ उच्चारून पाहावीत. ऐकतं कोण. हकिकत. सावली. यांतले काहीही कादंबरी नाही. सारे सांगितलेले, आठवलेले, निवेदन केलेले आहे. हकिकत भाकऱ्या थापताना सांगता येते, दुसऱ्याने ती लिहून घेता येते. कादंबरीला मात्र सलग तास लागतात. कल्पनेला मोकळे सोडावयाचे तर मुलाचे रडणे, दूधवाल्याची हाक आणि कुकरची शिट्टी यांच्या मधली फट पुरत नाही. तेव्हा कोणी कोणत्या प्रकारचे साहित्य लिहावे हेही वेळेच्या मालकीवरून ठरते. वुल्फबाईंची खोली आणि पाचशे पौंड हा विनोद नव्हता. आणि ज्या बाईचा नवरा कामगारांचा लाडका कवी होता, चळवळीचा अभिमान होता, तिनेही स्वतःच्या पुस्तकाला सावली हे नाव द्यावे, यात प्रेम आणि अभिमान आहेच. परंतु चळवळीने या नावापाशी घटकाभर खाली मान घालून उभे राहावे, हेही खरे.

ऊर्मिला पवार यांचे लेखन या कोंडीला पडलेली मोठी भेग आहे. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याहून मुंबईत आलेल्या या दलित लेखिकेने ‘सहावं बोट’ आणि ‘चौथी भिंत’ हे कथासंग्रह लिहिले, आणि २००३ साली ‘आयदान’ हे आत्मकथन. बांबूची आयदाने विणणारी आई आणि शब्द विणणारी मुलगी यांच्यामध्ये त्यात जे मौन आहे ते मराठीतील मातृत्वाच्या साऱ्या स्तोत्रांना भारी आहे. शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, चळवळीत वावरणाऱ्या बाईला घरात काय मोजावे लागते, हे त्यांनी चळवळीतील नवऱ्यांचीही गय न करता सांगितले. ते वाचून ‘हा घरातला प्रश्न बाहेर कशाला?’ असे ज्यांना वाटले, त्यांनी ‘कामगाराचा पगार हा मालकाचा खाजगी प्रश्न’ असे म्हणणाऱ्या मालकाची आठवण करावी.

१९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेला संप सर्वांना ठाऊक आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याचे राजकारण पुष्कळ लिहिले गेले. तो संप चुलीवर कोणी चालविला, हे कमी लिहिले गेले. पोळीभाजीचे डबे, घरोघरची धुणीभांडी, शिवणकाम, फुलांच्या माळा, पापड. लोअर परळच्या घराघरांतून हे चालले. कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी संपाच्या आधीच, १९७५ साली, अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. बाईच्या स्वयंपाकाला व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली ती अशी. संपानंतर पुरुष बेकार झाला आणि बाई मिळवती झाली. घरातील सत्ता मात्र त्या प्रमाणात हलली नाही. उलट अपमानित पुरुषाला सांभाळण्याचे नवे काम तिच्या वाट्याला आले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील आई ही या काळाची साक्षीदार. मुले वाहवत चाललेली, घर पायाखालून सरकते आहे, आणि तिला मोडून पडण्याचीही सवड नाही. लोअर परळ-लालबागच्या मातृत्वाचे इतके खरे चित्र एका पुरुषाच्या नाटकातून यावे, हे पवारांचे श्रेय. आणि इतरांनी विचार करावा अशी गोष्ट.

आज या परिसरात गिरणीच्या चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत. फिनिक्स गिरणी बाजारपेठ झाली, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. मनोऱ्यातल्या घरात नोकरी करणारी एखादी तरुण आई राहते. तिला खोली आहे, उत्पन्न आहे, आणि रात्री अकराला लॅपटॉप मिटल्यावर बोलावयास कोणी नाही. तिचे मूल सांभाळावयास येणारी बाई पहाटेची लोकल पकडून येते; तिचे स्वतःचे मूल गावी आजीपाशी किंवा शेजारणीपाशी. पहिलीचे मातृत्व दुसरीच्या मातृत्वातून उसने घेतलेले आहे. दोघी एकाच स्वयंपाकघरात उभ्या राहून चहा घेतात, कदाचित एकाच दिवशी दोघींच्या मुलांना ताप असतो. दोन एकाकीपणे एकाच छपराखाली आणि मध्ये पगाराची रेघ. मराठी कादंबरीला याहून मोठा विषय कोणता हवा? कविता महाजन यांच्या ‘ब्र’ने (२००५) या दिशेने पाऊल टाकले होते. संसार मोडलेली, मुलाला अंतरलेली प्रफुल्ला आदिवासी स्त्री-सरपंचांच्या पाड्यांवर जाते आणि स्वतःच्या दुःखाचे माप तिला नव्याने घ्यावे लागते. तेथे एका बाईचे एकाकीपण दुसऱ्या बाईच्या लढ्यापाशी पोहोचते. त्यासाठी तिला मुंबईबाहेर जावे लागले. येथे तर फक्त उद्वाहनातून खाली यावयाचे आहे.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे ठरले आहे. देखभालीचा खर्च कोण भरणार, गॅलरीतला शेजार राहणार की नाही, हे प्रश्न सभांतून विचारले जातात, ते योग्यच. एक प्रश्न विचारला गेलेला नाही. पुष्कळ स्त्रियांच्या आयुष्यात आतून लावता येणारे दार पहिल्यांदाच येणार आहे. ते दार कोणाचे? मुलाच्या अभ्यासाचे, सुनेच्या संसाराचे, म्हाताऱ्याच्या खाटेचे, की दुपारी दोन तास का होईना, तिचे?

तोपर्यंत येथील कार्यकर्त्यांना एक लहानसे काम करता येण्यासारखे आहे. अभ्यासवर्ग संध्याकाळी साडेसातला भरतो. ती भाताची वेळ. महिन्यातून एक वर्ग दुपारी दोन ते चार या वेळात ठेवावा. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा त्यात मोठ्याने वाचावी, पुढच्या खेपेस ‘आयदान’मधले एखादे प्रकरण. बोलणे बायकांनी करावे. त्या बोलतील ते कोणीतरी वहीत उतरून घ्यावे, आणि वही त्यांच्यापैकीच एकीच्या घरी राहू द्यावी. पुरुष कार्यकर्त्यांनी त्या दोन तासांत खाली अंगणात मुले सांभाळावीत. पहिल्या महिन्याला कोण कोण येणार, याची नावे आजच घेतलेली बरी.